आईच्या चुलीखालची फरशी

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
१२ डिसेंबर १९९४

तीर्थस्वरूप गोरखदादा आणि सौ. प्रमिलावहिनी यांना भरतचा वाकून नमस्कार.

दादा, तुझी कंबर कशी आहे? वहिनींचा खोकला थांबला का? म्हैस व्यायली का? आमच्याकडे सगळं क्षेम आहे. (हे वाक्य रिवाज म्हणून लिहिलं आहे, त्यावर विश्वास ठेवू नकोस.) गव्हाणला वाण्याच्या दुकानात फोन करणार होतो, पण तिथे आलेला फोन आधी वाणी ऐकतो, मग गिऱ्हाइकं ऐकतात आणि उरलंसुरलं तुझ्यापर्यंत पोचतं. हे प्रकरण तेवढ्या लोकांत वाटण्यासारखं नाही, म्हणून पत्र.

बाबा गेल्यापासून अकरा वर्षं आई तुझ्याकडे होती आणि या दिवाळीनंतर पहिल्यांदाच माझ्याकडे राहायला आली. येताना टेंपोत ती आपली मातीची चूल मांडीवर घेऊन बसली होती, हे तू पाहिलंसच. माधुरीने मोठ्या प्रेमाने गॅस दाखवला. आईने त्याच्याकडे परक्या गावच्या पाहुण्याकडे बघावं तसं बघितलं आणि चूल मागच्या पडवीत मांडली. आता या पडवीत मी घर घेतानाच हौसेने प्लॅस्टिकचा गालिचा चिकटवून घेतला होता. थेट संगमरवरासारखा दिसायचा. (दुकानदार म्हणाला होता, पन्नास वर्षं जागचा हलणार नाही. बरोबर बोलला. तो वितळून खालच्या कोब्याला असा बसला आहे की आता पहारीनेही हलत नाही.) तिसऱ्याच दिवशी चुलीतून एक निखारा घरंगळला आणि गालिच्याला भाकरीएवढं भोक पडलं. त्या वासाने शेजारचे अब्दुल्लाभाई, जे पंधरा वर्षं कुवेतला राहून आले आहेत, धावत आले आणि म्हणाले, "भरतभाय, खुदाच्या वास्ते, घरात टायर कशाला जाळतोस?"

इथे तुला एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती मी सगळ्यांना सांगत असतो. द्रोणागिरीच्या आमच्या गोदामात मी अग्निसुरक्षा प्रमुख आहे. दोन दिवसांचं शिबिर केलं आहे, लाल टोपी मिळाली आहे. तेव्हा चुलीभोवतीची जमीन कशी असावी हा प्रश्न माझ्या हक्काचा होता. मी खडूने रेघ मारली: तोंडाच्या बाजूला दीड हात, बाकी तिन्ही बाजूंना एकेक हात, एवढ्या जागेत न जळणारी फरशी हवी. मग कोणती फरशी यावर आठवडाभर परिषद चालली. माधुरीचं मत मोझॅकचं. अब्दुल्लाभाईंचं मत चकचकीत लाद्यांचं. (त्या कुवेतला सगळीकडे असतात. तिथे चुली नसतात, हे त्यांची बायको शहाबानो हिने लक्षात आणून दिलं.) माझं मत शहाबादी फरशीचं. आई तिथेच कोलंबी सोलत बसली होती. ती एकदाच म्हणाली, "चुलीखाली शेनमातीच बरी." मी म्हणालो, आई, हा तांत्रिक विषय आहे.

शिवा गवंडी आला, त्याने रेघेपुरता गालिचा छिन्नीने खरवडून काढला, सिमेंट ओतून वर शहाबादी बसवली आणि बजावून गेला की आठ दिवस खाली ओल राहील, तोवर विस्तव नको. पण दादा, मला त्या फरशीवरची पहिली भाकरी खायची फार घाई झाली होती. तिसऱ्या दिवशी मीच चूल पेटवायला लावली. आईची दुसरी भाकरी तव्यावर असताना खालच्या ओलीने फरशी अशी काही फुटली की शेजाऱ्यांच्या मांजरीने तेव्हापासून आमच्या बाजूला पाऊल टाकलेलं नाही. आणि मी, अग्निसुरक्षा प्रमुख, टोपी शोधण्यात वेळ न घालवता सरळ पाण्याची भरलेली बादली उचलली आणि पेटत्या चुलीवर रिकामी केली. (शिबिरात वाळू टाकायला शिकवलं होतं. वाळूची बादली गोदामात आहे.)

वाफ, राख, चिखल, त्या चिखलात भाकरी. मला वाटलं आई फरशीवरून बोलेल. ती फरशीकडे बघतसुद्धा नव्हती. ती म्हणाली, "पेटत्या चुलीवर पानी वतलंस? मानूस गेला म्हंजे घरातली चूल इझते रे. मी जित्ती हाय अजून."

मी म्हणालो, फरशी बदलून घेतो.

त्याला आज चार दिवस झाले. आई चूल पेटवत नाही. गॅसवरची पोळी निमूट खाते, आणि आपली आई निमूट जेवते म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. पिशवी भरून पडवीत ठेवली आहे. काल म्हणाली, "रविवारी गोरखला बोलाव, मी गव्हानला जाते." दादा, खरं सांगतो, मला फार वाईट वाटतं आहे. अकरा वर्षं ती तुझ्या वाट्याला होती, माझ्या वाट्याला जेमतेम महिना आला आणि तो मी फरश्या निवडण्यात घालवला. ती इथे राहायला हवी. सकाळी पडवीतून धूर आला की मला कामावर जावंसं वाटत नाही, एवढं बरं वाटतं.

तुझा धाकटा,
भरत

ता.क. : रविवारी ये, पण न्यायला येऊ नकोस. शेताच्या बांधाची दोन घमेली माती आणि शेण घेऊन ये, आणि सारवायला वहिनींना आण. आईला म्हणावं, सहज आलो.

ता.क. २ : भावजी, मी माधुरी. हे पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे आलं. सासूबाई म्हणाल्या, वाच. वाचून दाखवलं. खडूच्या रेघेपाशी डोळ्यांत पाणी येईतो हसल्या, संपल्यावर म्हणाल्या, आता लिही. त्या सांगतात तसं लिहिते आहे.

"गोरख, माती आनू नको, माती इथं बी हाय. मी नि शहाबानोनं त्या फरश्या सकालीच उचलल्या. सारवून झालं, सुकलं बी. तुज्या भावानं तुला दोन पानं लिवली, आई रायला पायजे म्हनून. मी चार दिस पिशवी भरून त्याच्या डोल्यासमोर बसलीय. मला एकदा बी 'आई, जाऊ नको' म्हनला नाय. तेवडं म्हनू दे. मंग पेटवते चूल."