हिरव्या जाळीबद्दल

तेरखेडा, ता. वाशी, जि. धाराशिव
गुरुवार, दि. १२ डिसेंबर २०२४

सौ. शिवरंजनीताई यांना,

तेरखेड्याहून युवराजचा नमस्कार. तुमच्या नावाआधी सौ. पहिल्यांदाच लिहितो आहे. इकडं सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत असते, पण ते खरं नाही, म्हणून लिहीत नाही. थंडी चांगली पडली आहे. ज्वारी पोटऱ्यात आली आहे. तुमच्या वर्गातली अर्पिता, माझी बहीण, तिला दुसरा मुलगा झाला. ती तुमची मालिका चुकवत नाही. म्हणते, "शिवरंजनीला लिही, सासूपुढं जेवढं रडतीस तेवढं शाळंत छड्या खाऊनबी रडली न्हाईस."

तुमच्या जुन्या नंबरावर फोन केला की तुमच्या मॅनेजर निकिता मॅडम उचलतात. म्हणून हे पत्र उद्या जळकोटला नेऊन, हल्ली तिथं राहणाऱ्या तुमच्या आई गिरिजाबाईंच्या हातात देणार आहे. मधे कुणी उघडू नये एवढीच इच्छा आहे.

लग्नात तुम्ही मला ओळखलंत, ते घरी येऊन सगळ्यांना सांगितलं. "अर्पिताचा युवराज का रे तू? केवढा झालास." एवढ्या मोठ्या लग्नात दारूकाम मुंबईचं नको, माझ्या तेरखेड्याचंच पाहिजे, असा हट्ट तुम्ही धरलात. आमचे मालक महारुद्रतात्या तर लग्नाआधी महिनाभर फटाक्यांच्या कारखान्यात जो येईल त्याला ते ऐकवत होते. आम्हाला सगळ्यांनाच बरं वाटलं होतं. हे आधी लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचताना तुम्हाला वाटेल की मी ते विसरलो.

तेरच्या त्या बंगल्यावर आम्ही सकाळीच पोहोचलो. फाटकावर आमच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यांवर चिकटपट्ट्या लावल्या, त्याला कुणाची हरकत नव्हती. इथलं काही बाहेर सांगणार नाही, अशा कागदावर सह्या घेतल्या. मी कागद पूर्ण वाचून सही केली. मागच्या शेतात आमची जागा होती. दुपारी वर ड्रोन फिरायला लागले. कुठल्या तरी चॅनेलचे होते म्हणे. निकिता मॅडमनी द्राक्षाच्या बागेवर घालतात तसली हिरवी शेडनेट मागवली आणि बंगल्यापासून आमच्या शेतापर्यंत चहूबाजूंनी आणि वरूनही जाळी बांधून घेतली.

तात्या म्हणाले, "मॅडम, आमच्या डोक्यावरची तेवढी सोडा. गोळा वर जानार."

मॅडम म्हणाल्या, "जाळी काढली तर ताईंचे फोटो उद्या सगळ्या महाराष्ट्राच्या मोबाइलवर असतील. तुम्ही गोळे थोडे तिरके लावा."

तात्यांनी गोळे सोडायच्या नळ्या तिरक्या केल्या. पुढच्या बाजूला जाळीत थोडी फट होती, तिकडं तोंड करून.

आमच्या कामाची एक रीत आहे, ती तुम्हाला माहीत नसेल. पहिली वात पेटवण्याआधी ओली पोती सांभाळणारं माणूस मान वर करून विचारतं, "वर मोकळं हाय का?" सगळ्यांनी "मोकळं" म्हटल्याशिवाय पेटवायचं नाही. त्या दिवशी पोती जगदेवीकाकूंकडं होती. काकूंनी विचारलं. कुणीच काही बोललं नाही. सगळे वरच्या जाळीकडं बघत होते. मंडपातून निरोप आला, हार पडले, आता लगेच पाहिजे. तात्या म्हणाले, "पेटव." मी पेटवलं.

पहिले काही गोळे फटीतून नीट गेले. मग एक जाळीला लागला. जाळी पेटली की तिचे थेंब पडतात, ताई. वितळलेलं प्लास्टिक. काकू खालीच उभ्या होत्या. मानेवर, खांद्यावर आणि उजव्या हातावर पडलं. मंडपात बँड इतका मोठा होता की तुम्हाला काही ऐकू गेलं नसणार. पाठीमागून गाडी काढली, सोलापूरला एका खाजगी दवाखान्यात नेलं. तिथं निकिता मॅडम आणि तात्या यांनी सांगितलं, घरी स्टो भडकला. दवाखान्याचा खर्च मॅडमच करतात, त्यात त्यांनी कमी केलेलं नाही.

आता तुम्हाला वाटेल, काकू बऱ्या होत आहेत, खर्च मिळतो आहे, मग युवराजला काय टोचतं?

स्टो टोचतो. बाई स्टोनं भाजली असं कागदावर आलं की पोलीस घरात येतात आणि सुनेकडं बघतात. काकूंच्या घरात कोण आहे? मुलगा बाहेरगावी ट्रकवर. घरात फक्त सून हर्षाली. पोलीस येऊन तिला विचारून गेले, शेजारचे लोक दारात उभं राहून ऐकत होते. गावात आता सरळ म्हणतात, सुनेनं पेटवली. मागच्या गुरुवारी मार्गशीर्षाचा घट मांडून हर्षालीनं गल्लीतल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं. एकही आली नाही. अर्पिता बाळंतीण, म्हणून आमची आई एकटी जाऊन आली. आज दुसरा गुरुवार आहे. हर्षालीनं आज कुणाला बोलावलंच नाही.

काकूंना हे आम्ही सांगत नव्हतो. त्यांना दवाखान्यातल्या दुसऱ्या बाईकडून कळलं. मी भेटायला गेलो तर म्हणाल्या, "युवराज, माज्या घरात स्टोच न्हाय रं. गॅस हाय. लिहिनारानं एवढंबी इचारलं न्हाय." आणि हसल्या. मग हसायचं थांबवून म्हणाल्या, "माजं कातडं भरून येईल. त्या पोरीचं नाव कसं भरून यायचं?"

त्या लग्नात कुणी डोकावू नये म्हणून एक जाळी बांधली, आणि ती झाकायला काकूंचं घर उघडं केलं. मी शिकलेला नाही, अकरावीत शाळा सुटली, पण एवढं मला कळतं.

उमाशंकर नावाचे एक पत्रकार आहेत, धाराशिवला साप्ताहिक चालवतात. जखमेत हिरवं प्लास्टिक निघालं, हे त्यांना दवाखान्यातल्या कुणाकडून तरी कळलं. ते तेरखेड्याला आले. तात्यांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. ते माझ्याकडं आले. मी त्यांना आधी घरात घेतलं नाही, ओट्यावरच बोललो.

इथं एक गोष्ट लिहितो, ती तुमची आहे. हार पडायच्या आधी तुम्ही आमच्या शेतात आला होता, जाळीच्या आत. आम्ही पलीकडं नळ्या पुरत होतो. तुम्ही काकूंजवळ पालथ्या बादलीवर बसलात आणि रडलात. काकूंकडं पाणी मागितलंत. काय बोललात ते मी ऐकलं आणि ऐकायला नको होतं. काकूंनी तुमच्या डोक्यावर हात ठेवला. त्या दिवशी कॅमेरा नसलेली तेवढीच जागा तुम्हाला मिळाली असेल. म्हणून त्या जाळीला मी नुसती वाईट म्हणत नाही.

उमाशंकरना याचा वास लागला होता. म्हणाले, "नवरी मागं जाऊन रडली म्हणतात. खरं का?"

मी म्हणालो, "जाळीचं विचारा."

"अरे, जाळीची बातमी चौथ्या पानावर जाईल. नवरी रडली तर पहिल्या पानावर. मोठ्या माणसांच्या घरात काय चालतं ते लोकांना कळायला नको का? पेपर कशाला असतो?"

"मग चौथ्या पानावर छापा."

ते हसले. "तू लई कडक हायेस की. पत्रकार विचारतोय म्हटल्यावर लोक चार गोष्टी जास्तीच्या सांगतात."

मी त्यांना म्हणालो, काकूंच्या अंगावर जे पडलं ते सगळ्यांना कळलंच पाहिजे, ते लपवायचा हक्क कुणालाच नाही. ताई काकूंजवळ जे बोलल्या ते त्यांचं. ते विचारायचा हक्क तुम्हाला नाही, आणि सांगायचा मला नाही. मग त्यांनी वही मिटली, चप्पल काढली आणि आत येऊन बसले.

तात्यांना कळल्यावर त्यांनी मला कारखान्याच्या मागं नेलं. "बायाबापड्यांचं पोट हाय ह्या कारखान्यावर. तपासनी लागली म्हंजी? तुज्या तोंडानं किती चुली इझतील, मोजलंस?"

मी म्हणालो, "तात्या, तुम्ही पेटव म्हणालात, मी पेटवलं. दोन्ही सांगणार आहे. जाळी काढा म्हणून तुम्ही मागं लागला होता, तेही."

"माजं नाव घेऊ नको."

"घ्यावंच लागेल."

तेव्हापासून ते बोलत नाहीत. मला कामावर यायला सांगितलेलं नाही, नको असंही सांगितलेलं नाही. मी रोज जातो, दारात बसतो आणि परत येतो. निकिता मॅडमचा फोन आला होता, ताईंच्या खाजगी आयुष्याची बदनामी केली म्हणून नोटीस येईल, सहीचा कागद विसरू नकोस. मी रात्रभर तो कागद आठवत होतो. लग्नात पाहिलेलं बाहेर सांगू नये, असं त्यात होतं. माणूस भाजलं तर घरी भाजलं म्हणावं, असं कुठंही नव्हतं. नोटीस आली तर घेईन. वाचीन आणि उत्तर लिहीन.

ताई, एवढं लिहूनही जे विचारायचं ते मी टाळतोच आहे. लग्नानंतर दवाखान्यात फळांची टोपली आली. त्यावर चिठ्ठी होती, लवकर बऱ्या व्हा, खाली तुमचं नाव. अक्षर मी ओळखतो, अर्पिताच्या वहीत तुमच्या अक्षरातल्या कविता आहेत. म्हणजे काकू भाजल्या हे तुम्हाला माहीत होतं. तुम्हाला जाळी सांगितली होती की स्टो? स्टो सांगितला असेल तर तुमचीही फसवणूकच झाली. जाळी सांगितली असेल तर तुम्ही चिठ्ठीवर का थांबलात, ते मला कळत नाही. उत्तर मला द्यायलाच पाहिजे असं नाही. हर्षालीला द्या. तिचं घर मारुतीच्या पाराजवळ, तुम्ही लहानपणी जिथं बोरं वाळत घालायचात त्याच्या पलीकडं.

आणि दुसरं टाळलेलं. मी तुम्हाला परवानगी विचारायला लिहीत नाही. उमाशंकरना सगळं सांगून झालं आहे. काकूंनी पडल्या पडल्या त्यांचं म्हणणं स्वतः सांगितलं, अंगठा दिला. बातमी रविवारी येणार. लग्नातला एक फोटो नाही, तुमच्या रडण्याचा एक शब्द नाही. उमाशंकरकडून मी वाचून घेतलं आणि दोन ओळी काढायला लावल्या. त्यांना राग आला, पण काढल्या. रविवारच्या आधी तुम्ही स्वतः बोललात तर गाव तुमचं आधी ऐकेल, आणि हर्षालीच्या दारात बायका लवकर येतील. तुम्ही गप्प राहिलात तरी बातमी थांबणार नाही.

बातमीत "एक कामगार" एवढंच लिहू का, असं त्यांनी मला विचारलं होतं. मी घाबरट आहे, हे तुम्हाला अर्पिताकडून माहीत असेल. मी रात्रभर वेळ मागून घेतला, आणि सकाळी बापाच्या नावासकट, गावासकट लिहून दिलं. हर्षालीचं नाव सगळ्या गावाच्या तोंडी असताना माझं झाकून ठेवणं बरं दिसलं नसतं.

तुमच्या संसाराला मनापासून शुभेच्छा. घरच्यांना नमस्कार सांगा.

बातमीतही ज्याचं नाव असंच येईल, तो तुमचा,

युवराज विठ्ठल उकरंडे
तेरखेडा