पावाचं पाणी

माय, परवा ती आली होती. नवागामला आपल्या भिंतीला भिंत लागून राहायची ती. आता पार वाकली आहे, गुडघे धरून चालते. मुलानं तिला इथे पर्वत पाटियाला डॉक्टरकडे आणलं होतं. तेवढ्यात तिनं कुणाला तरी विचारून माझं घर शोधलं आणि तीन जिने चढून वर आली. अर्धा तासच बसली असेल. पण तिनं जे सांगितलं ते ऐकल्यापासून माझं कशातच लक्ष नाही. तुला जाऊन सव्वीस वर्षं झाली आणि मी आज पहिल्यांदाच तुला लिहायला बसले आहे.

तू बेकरीत भांडी आणि पाव भाजायचे पत्रे घासायला जायचीस. एक दिवस येताना डब्याच्या खालच्या कप्प्यात मुठीएवढा आंबलेल्या पिठाचा गोळा होता. शेठनं स्वतः दिलेला, कारण तू एकदा त्याला विचारलं होतंस की पाव फुगतो कशानं, आणि भांडी घासणाऱ्या बाईनं असं काही विचारलेलं त्यानं कधी ऐकलं नव्हतं. तो गोळा तू चिनी मातीच्या बरणीत ठेवलास, वर आबांच्या धोतराचं फडकं बांधलंस आणि रोज त्याला मूठभर मैदा आणि घोटभर पाणी घालायला लागलीस. एकदा मी घाईत त्यात गरम पाणी ओतलं. तू मला कधी ओरडायची नाहीस, त्या दिवशी मात्र माझं मनगट धरलंस. "ते जित्तं शे, बाई," तू म्हणालीस. "त्याले चटका नको देऊ."

आपल्याकडे भट्टी कुठली! फर्निचरवाल्याकडून गोणीभर लाकडाचा भुसा आणायचा, तो पत्र्याच्या डब्यात ठासून भरायचा, मधोमध बाटली उभी करून भोक ठेवायचं आणि खालून पेटवायचं. त्या शेगडीवर जुनं पातेलं, पातेल्यात तापीची वाळू, वाळूवर ताटली, ताटलीत पाव. झाकणावर निखारे. पहिल्या दिवशी खालून करपले आणि वरून पांढरे राहिले, तरी आबांनी उधन्याच्या यंत्रमागाच्या कारखान्यातून येऊन ते चहात बुडवून खाल्ले आणि म्हणाले, कारखान्याच्या बाहेर मिळतात त्याहून बरे आहेत. तू हसलीस. तुझ्या दाताला काजळी लागलेली मला अजून दिसते.

आणि उरलेल्या पावाचं ते पाणी. ते तुला बेकरीतल्या म्हाताऱ्या भट्टीवाल्यानं शिकवलं होतं. शिळे पाव कडक भाजायचे, जवळजवळ काळे होईस्तोवर. मग ते उकळत्या पाण्यात भिजवायचे, गाळायचे, गूळ घालायचा, आल्याची सालं ठेचून टाकायची आणि निवलं की बरणीतलं चमचाभर खमीर. सरबताच्या रिकाम्या बाटल्यांत भरून प्रत्येकीत एक मनुका टाकायचीस आणि बूच लूमच्या वाया गेलेल्या सुतानं बांधायचीस. मनुका तरंगून वर आला की पाणी तयार. उन्हाळ्यात आबा दोन बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून लूमवर न्यायचे. मला ते फार आवडायचं, माय. जिभेला टोचायचं, नाकात जायचं, शेवटी करपलेल्या गुळाची चव राहायची. रंग मात्र अगदी दारूसारखा. वासही थोडा तसाच.

मी तेरा वर्षांची होते. शाळेत एका मुलीनं माझ्या डब्यातला पाव हुंगला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "हिच्या घरी दारू गाळतात." त्यानंतर माझ्या शेजारी कुणी डबा उघडेना. मी घरी येऊन तुझ्यावर चिडले, म्हटलं, बंद कर हे सगळं. तू पीठ मळता मळता म्हणालीस, "इडलीलेबी तोच वास येतो, मग ते काय दारू शे का?" तुला त्याचं काहीच वाटलं नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी नळावर ती, भिंतीपलीकडची, भेटली. तिचा नवरा तेव्हा रोज पिऊन यायचा, आपल्या भिंतीतून सगळं ऐकू यायचं. तिनं मला विचारलं, "काय गं, तुमच्या बाटल्यांत काय असतं?" मी हंडा भरत होते. वर न बघता म्हणाले, "माय दारू काढते." बस, एवढंच. मला वाटलं, ती तुझ्याशी भांडेल, चार बाया बोलतील आणि तू लाजून थांबशील. इथे दारूबंदी आहे, पुढे काय होईल, ते डोक्यातच आलं नाही. खरंच आलं नाही का, हेही आता मला सांगता येत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी चारला दोन पोलीस येतात. तू पाव पातेल्यात ठेवते आहेस. एक जण बाटली उचलून उजेडात धरतो. "आ शुं छे?"

"साहेब, पावनुं पाणी छे. दारू नथी," तू म्हणतेस, तुझ्या मोडक्या गुजरातीत. "पी जुओ."

तो पीत नाही. हुंगतो आणि तोंड वाकडं करतो. मग त्याचं लक्ष माझ्याकडे जातं. बरा माणूस असावा, कारण तो माझ्यासमोर खाली बसतो. "तुं बोल, दीकरी. घरमां दारू बने छे?"

तू माझ्याकडे बघतेस. तुला जराही भीती वाटत नाही. पोर आता सांगेल आणि हे लोक जातील, असं तुझ्या चेहऱ्यावर आहे. मी फक्त नाही म्हटलं असतं तरी पुरे होतं. बाटली उघडून एक घोट घेतला असता तरी झालं असतं. मी माझ्या पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी राहिले, माय. शेगडीवरचे पाव करपायला लागले, त्याचा वास सुटला, तरी मी वर बघितलं नाही. दुसऱ्यानं बरणी उचलली, त्याचा हात घसरला की त्यानं मुद्दाम सोडली ते मी पाहिलं नाही, फक्त आवाज ऐकला. मग तू चप्पल पायात सरकवल्याची सरसर.

आबा चौकीवर गेले आणि दिवेलागणीला तुला घेऊन आले. एवढ्या वेळात कुणीतरी तिथे बाटली चाखून बघितली म्हणे, आणि सगळे हसले. तुला सोडून दिलं. पण गल्लीनं तुला पोलिसांबरोबर जाताना पाहिलं होतं. बेकरीत बातमी तुझ्याआधी पोचली. शेठ वाईट नव्हता, तो म्हणाला, बाई, माझ्या धंद्याला पोलिसांचं नाव नको. तुझं काम गेलं.

मला वाटलं होतं, आता तू मला विचारशील की मी गप्प का राहिले. तू विचारलं नाहीस. चार दिवसांनी तू मनुके धुतलेस, उकळून गार केलेल्या पाण्यात टाकलेस, गुळाचा खडा घातलास, फडकं बांधलंस आणि मला हाक मारलीस. "बैस. दख कसं करतस ते." सहा दिवस रोज मला बरणीपाशी बसवलंस. तिसऱ्या दिवशी बुडबुडे आले तेव्हा माझं बोट धरून मला फडक्यावरचा फुगवटा दाखवलास. मग तू घरीच पाव करून उधन्याच्या कारखान्यांच्या दारात बसायला लागलीस आणि पुढची अकरा वर्षं त्यावरच आपलं घर चाललं. माझं लग्नही. दवाखान्यात शेवटी तुला माणसं ओळखू येईनात, तेव्हाही तू मला म्हणालीस, "बरणीले खाऊ घालं का?" मी हो म्हणाले. बरणी आठवड्यापूर्वीच काळी पडली होती.

त्यानंतर मी घरात खमीर ठेवलं नाही. पाव मी अजून करते, दुकानातल्या पाकिटातल्या यीस्टचे, ओटीजीत. लेकीला आवडतात. पण गेली कित्येक वर्षं दुपारी चारच्या सुमाराला माझ्या स्वयंपाकघरात तोच आंबूस वास येतो. मी डबे उघडून बघते, मोरी धुते, इडलीचं पीठ असेल तर ते हुंगते. लेक म्हणते, आई, कसलाच वास नाही. कधी मैदा मळताना मनगटावर कुणी हात ठेवल्यासारखं होतं, आणि मी वळून बघत नाही. तू असशील याची भीती वाटते, आणि नसशील याचीही.

आणि परवा ती आली. लेकीनं दार उघडलं, ती कोण ते ऐकलं, आणि पाणीसुद्धा न विचारता खोलीत निघून गेली. म्हातारी खुर्चीच्या कडेला बसली. बराच वेळ गुडघा चोळत राहिली. मग म्हणाली, "चौकीवर मीच गेले होते. माझा माणूस दारूपायी चालला होता. वाटलं, तुमच्याकडूनच त्याला मिळते." मी म्हटलं, मला माहीत आहे. "तुझी माय सुटून आली त्याच संध्याकाळी माझ्या दारात आली. विचारलं, तुला कुणी सांगितलं? मी म्हटलं, तुझ्याच पोरीनं. तशी ती माझ्या पायरीवर खाली बसली." म्हातारीनं माझ्याकडे बघितलं. "मग म्हणाली, ती आजून धाकली शे. माले मालूम शे हे तिले कधी सांगू नको. माझा हात धरून तिनं वचन घेतलं. आता मीच म्हटलं, माझे किती दिवस राहिले, म्हणून आले."

म्हणजे ते सहा दिवस तुला माहीत होतं. माझं बोट धरलंस तेव्हा. लग्नात माझ्या ओटीत पावाच्या खमिराचा गोळा फडक्यात बांधून घातलास तेव्हा. मला वाटत होतं की मी तुझ्यापासून काही लपवते आहे, आणि अकरा वर्षं तू माझ्यासमोर बसून तेच माझ्यापासून लपवत होतीस. मला एक थोबाडीत मारली असतीस तर बरं झालं असतं गं.

जाताना म्हातारीनं दारात विचारलं, "तुझ्या पोरीला माझा राग आहे का?" मी म्हणाले, नाही हो, ती दमलीय.

आता तुला सांगते. लेकीला मी ही गोष्ट लहानपणापासून सांगत आले आहे. तुझी बरणी, शेगडी, पोलीस, सगळं. त्यात शेजारणीनं चुगली केली आणि आजीचं काम गेलं, एवढंच आहे. नळावरची मी त्यात नाही.

मघाशी ती माझ्या मागे येऊन उभी राहिली. "एवढं काय लिहितेस?" मी कागदावर हात ठेवला आणि म्हणाले, आजीच्या खमिराची कृती. ती खूश झाली. म्हणाली, लिहून झालं की मला दे, आपण करून बघू. मी हो म्हणाले.