काटवाइकचे दरवाजे

अप्पा, पैठणला धरणाचे दरवाजे उघडायच्या आधी तुम्ही मला नदीकडं पिटाळायचात. "खाली कोणी धुणं धुतंय का बघून ये गं." भोंगा वाजायचाच, पण तुमचा त्याच्यावर भरवसा नव्हता. एकदा मी अर्ध्या वाटेतून परतले आणि कोणी नाही म्हणून सांगितलं. तुम्ही स्वतः जाऊन आलात. खाली दोन बाया होत्या. मारलं नाहीत, एवढंच म्हणालात, "न बघता सांगत जाऊ नको, बाई. पाण्याला माया नसती."

पुढं मी इंजिनिअर होऊन नेदरलँड्सला प्रशिक्षणाला गेले. तुम्ही निवृत्त होऊन गारखेड्याच्या घरात बसून होतात; हाताला काम नाही हे तुम्हाला फार लागायचं. फोनवर म्हणालात, "तिथं नदी समुद्राला मिळती ते बघून ये. मी जन्मभर पाणी सोडलं, ते शेवटी कुठं जातं ते नाय बघितलं." ऱ्हाइनचा जुना फाटा जिथं समुद्राला मिळतो, ते काटवाइक गाव माझ्या मुक्कामापासून सायकलनं अर्ध्या तासावर होतं. मी गेले नाही. तरी पुढच्या फोनवर ठोकून दिलं, मोठं पात्र आहे, नदी नुसती धावत सुटते.

"दरवाजे नायत?"

"कशाला, अप्पा? आपली आपण जाते."

तुम्ही म्हणालात, "मग बरं हाय. तिथं माझ्यासारख्याचं कामच नाय." दोन महिन्यांनी तुम्ही गेलात.

त्याला अठरा वर्षं झाली. मागच्या महिन्यात पुन्हा त्या देशात जाणं झालं, तेव्हा काटवाइक बघितलं. अप्पा, तिथं दरवाजे आहेत. वाळूनं नदीचं तोंड बुजून गेलं होतं, शेकडो वर्षं तिला समुद्र भेटलाच नाही. मग माणसांनी कालवा खणून दिला, दरवाजे बसवले. समुद्र चढला की लावायचे, ओसरला की उघडायचे. आता पंप आलेत, पण पिढ्यान्‌पिढ्या तिथं कोणीतरी तुमच्यासारखाच पाण्याकडं बघत उभा असणार. हे ऐकून तुम्हाला किती बरं वाटलं असतं! मी कठड्याला धरून रडले.

तेव्हा काटवाइकला जाणं कामामुळं जमलं नाही, असं मी आजवर स्वतःला सांगत आले. खोटं आहे. जायचं ठरवलं त्या दिवशी सुट्टी होती, बाहेर वारा होता, मला कंटाळा आला.

हे तुम्हाला पोचणार नाही, म्हणून आईला तरी वाचून दाखवायचं ठरवलं होतं. ती अजून पाहुण्यांना सांगते, तिकडं नद्यांना दरवाजे लागत नाहीत, आमच्या बाईनं डोळ्यांनी बघितलंय. कालही सांगितलं आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "व्हय ना गं?"

मी म्हणाले, "व्हय."