खाली घेण्याचा इशारा

प्रिय बारक्या,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसले. छकुलीला दात आले, असं आईकडून कळलं. सख्ख्या आत्याला हे दुसऱ्याकडून कळावं, याचं वाईट वाटलं. आई म्हणते, तुझी झोप उडाली आहे. माझीही उडाली आहे, पण माझी कुणी चौकशी करत नाही. कंपनीने एकदा केली तेवढी पुरे झाली म्हणा.

ती खोली तू बघायला हवी होतीस. टेबलापलीकडे तिघं, आणि मधल्या खुर्चीत मुकादम. ज्याने अपघाताच्या दिवशी घाई लावली, तोच माझी चौकशी करायला बसलेला. माझ्या डोळ्यांचं विचारलं, घरी काही कटकटी आहेत का तेही विचारलं. तुला समोर बोलवा म्हटलं, तर म्हणे गरज नाही. मग तुझा जबाब वाचून दाखवला. त्यात म्हणे तू थांबण्याचा इशारा केला होतास आणि मी न बघताच पाइपांचा गठ्ठा खाली सोडला. आठवडाभरात बडतर्फीचा कागद हातात पडला.

लहानपणी रस्ता ओलांडताना तू माझा हात सोडायचा नाहीस. यार्डात सगळं उलटं झालं. वर क्रेनच्या केबिनमध्ये मला खालचं ऐकू येत नाही, गठ्ठ्यामागचा माणूस दिसत नाही. दिसतो तो खालून इशारा करणारा तुझा हात. इतकी वर्षं मी त्या हातावर डोळे मिटून विश्वास ठेवला. (हे असं कोर्टात बोलू नका, असं वकील म्हणालेत.) त्या दिवशी तुझा तळवा खाली होता, म्हणजे गठ्ठा खाली घे. मुकादम तुझ्यामागे उभा राहून ओरडत होता, तेही काचेतून दिसलं. गठ्ठ्यापलीकडे फिटरदादा आहेत का, हे तू बघितलं नाहीस, आणि मी खाली घेतलं.

फिटरदादांना भेटायला गेले होते. पाय गुडघ्याखाली काढलाय. मला बघून त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यांच्या घरच्या वहिनींनी मी नेलेली फळं परत माझ्या पिशवीत घातली. नोकरी मी दुसरी शोधीन रे, पण त्या घरात माझ्याकडे असं बघतात, ते मला सोसत नाही. आई म्हणते, त्याच्या पदरात लेकरू आहे, तू सोडून दे. मी एकटी, म्हणजे मला पोट नाही, असं तिला वाटत असावं. तुझा राग येतो मला. खूप येतो. छकुलीची आठवण आली की आणखीच येतो.

या आठवड्यात तुला माझ्या बडतर्फीच्या केसमध्ये कामगार न्यायालयाचं समन्स येईल. ते मीच काढायला लावलंय. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून हे पत्र. मुकादमाने तुला धाक दाखवला हे मी सांगणार आहे, आणि इशारा तुझाच होता हेही सांगणार आहे. वकील तुला हात उचलून त्या दिवशीचा इशारा करून दाखवायला लावतील. फिटरदादांनाही बोलावलंय, ते समोरच बसलेले असतील. मी नेहमीसारखी तुझ्या हाताकडे बघत असेन.

तुझीच,
ताई