गोजरची मचूळ विहीर

३ फेब्रुवारी १९८९
गेली वृंदा, हंडा घेऊन गोजरच्या विहिरीवर! नातसून माझी, पाणी धाकट्या जावेचं! वाटणीत मला गोडी विहीर आली, गोजरला मचूळ. डाळ शिजत नाही त्या पाण्यात. इतकी वर्षं तीच माझ्याकडे यायची पाण्याला.
आता उलटं. कारखान्याच्या नाल्याला रंग आला, म्हणून तिच्या नवऱ्याने, माझ्या नातवाने कमळाकरने, दोन्ही विहिरींचं पाणी अंबरनाथला त्याच्या लॅबमध्ये तपासलं. माझ्यात शिसं निघालं – थोडं, चालण्यासारखं. गोजरच्यात त्याच्याही निम्मं! वृंदा पोटुशी. "बाळासाठी जपायला नको का, आजी?" जप बाई, जप.

११ फेब्रुवारी
सगळी आळी तिच्या रहाटावर. पदर खोचून उभी असते – जशी काय गंगाच खणली!

२० मार्च
"गोजरआजी किती जीव लावतात!" – वृंदा. पाण्याबरोबर ताकाचा पेलाही मिळतो म्हणे. माझं ताक आंबलंय का?
बाळंत झाली की बाराव्याला विहीर पुजायची. ती कुणाची, गोजरची? माझ्या पणतवंडाला? मेले तरी होऊ देणार नाही.

२ मे
देव आहे!
कमळाकर म्हणाला, "आजी, तपासण्यात चूक झाली." लॅबच्या साहेबांनी विचारलं, यातलं एक पाणी मचूळ होतं का? मग दोन्ही पाण्यांत वरून सारखंच शिसं मोजून घातलं. माझ्या पाण्यात घातलं तेवढं मशीनने दाखवलं. गोजरच्यात त्याचा पाव हिस्साही दाखवेना! मचूळ पाण्यातला खार शिसं दडपतो म्हणे. चौथी नापास मी, पण एवढं कळतं – तिखटजाळ रश्श्यात गूळ टाकला तर जिभेला कुठे लागतो?
"मग खरं किती?"
"तो हिशेब धरून तुझ्या दुप्पट, वरच थोडं. पिण्यालायक नाही."
मेला सांगताना हसलासुद्धा नाही. भिंतीकडे बघत बसला. जेवलाही नाही. आजी जिंकली, तर तोंड कसलं पाडायचं?
उद्या मीच जाऊन सांगते तिला.

३ मे
ठेवणीतलं लुगडं नेसून गेले. सगळं सांगितलं, चवीने.
गोजर विहिरीचं एक अक्षर बोलली नाही. म्हणाली, "आक्का, वृंदाच्या पोटात किती गेलं असेल हो?"