तुरीनला दिलेला होकार

ती. नीरजाकाकूंना सादर नमस्कार.

साखरपुड्याआधीच होणाऱ्या सासूबाईंना पत्र लिहिण्याचे धाडस करते आहे, त्याबद्दल प्रथम क्षमा मागते.

काल यशवंतपूरला तुमच्या घरी तुम्ही माझे दहावीचे मराठीचे गुण दोनदा विचारलेत. प्रबंधाचा विषय मात्र तुम्ही न विचारताच मी सांगितला: एकोणिसाव्या शतकात नव्याने घडणाऱ्या इटलीत स्त्रियांना राष्ट्राच्या माता म्हणत, मुलांना राष्ट्राची भाषा त्यांनीच शिकवावी असे सांगत. पण विवाहितेला स्वतःची जमीन विकायलाही नवऱ्याची परवानगी लागे.

तुम्ही हसून म्हणालात, "आमच्या सुमंतला मराठी स्वल्पच येतं गं. नातवंडांना तूच शिकवायचं!"

तेव्हाच तुमच्या कपाटात मला कव्हर घातलेली कोरी अंकलिपी दिसली.

इटलीतल्या तुरीनच्या अभिलेखागारातल्या सहा महिन्यांच्या अभ्यासवृत्तीचे मी सांगितले, तर तुम्ही कानडी सवयीने म्हणालात, "सरी, बरं, लग्नानंतर सुमंतला विचारून बघू."

काकू, तुम्हाला सून हवी आहे की घरची शिक्षिका, हा संशय मला तेव्हापासून सोडत नाही.

आपली नम्र,
मुग्धा

ता. क. हे पत्र वहीतच राहील. ते पाठवण्याएवढे धाडस माझ्यात नाही. तुरीनला होकार मात्र कोणालाही न विचारता पाठवला: सोमवार, १४ जुलै २०२५, सकाळी दहा वाजून सात मिनिटे.