आईच्या खोलीचं नेट

प्रिय सोन्या,

फ्रिजवर चिठ्ठी लावून भागलं असतं, पण त्यात हे मावलं नसतं.

मंगळवारी तुम्ही दोघं ऑफिसला गेलात आणि नेट बंद पडलं. नेटवाला आला, चाळिशीतला, भला माणूस. राउटर चालू करून त्याने लॅपटॉपवर सगळ्या यंत्रांची यादी उघडली. पहिला मान तुझ्या ऑफिसच्या लॅपटॉपला, मग टीव्ही, मग तुझा गेम, मग दारावरचा कॅमेरा. सगळ्यात खाली ‘आईची खोली’. तो म्हणाला, “मावशी, या खोलीला इतका कमी वेग कोणी बांधून दिलाय? यात व्हिडिओवर धड आवाजसुद्धा जाणार नाही.”

तुला आठवतं ना, माझ्या गाण्याच्या नऊ विद्यार्थिनी होत्या? संध्याकाळी पाचचा, व्हिडिओवरचा वर्ग. एकेक जण चाचरत सांगायला लागली, बाई, तुमचा आवाज मधेच तुटतो. मी तुलाच विचारलं. तू राउटरकडे बघून आलास आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, “नेट ठीक आहे, आई. वय झालं की आवाज जायचाच.” किती मायेने म्हणालास! मी गुळण्या केल्या, महिनाभर मौन धरलं. घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं, काहीही झालेलं नाही. माझ्या कानांनाही सूर नीट लागतोय असंच वाटायचं. पण मी डॉक्टरांवर विश्वास ठेवला नाही, कानांवर ठेवला नाही. तुझ्यावर ठेवला. वर्ग बंद केला. तंबोऱ्याला गवसणी घातली, ती दीड वर्षं काढली नाही.

नेटवाल्याला म्हटलं, पाच मिनिटं ते बंधन काढ. माझी सगळ्यात जुनी विद्यार्थिनी, ती नर्स, तिला व्हिडिओ कॉल लावला आणि गायले. ती डोळे पुसत म्हणाली, “बाई, आम्हाला का सोडलंत हो?”

नंतर त्याला सगळं होतं तसं करून ठेवायला सांगितलं. घर तुझं, मीटिंगा तुझ्या. तेव्हा तू घरून काम करायचास, त्याही पाचलाच असायच्या ना? अरे, एका शब्दाने सांगायचंस, आई, वर्गाची वेळ बदल. त्याच दिवशी बदलली असती. वेगाचं मला काही नाही रे. माझा गळा गेला, हे तू मला पटवलंस आणि रोज समोर बसून जेवलास.

नर्सच्या घरावरची खोली रिकामी होती. तुला हे पत्र मिळेल तेव्हा मी तिथे असेन. सोमवारपासून वर्ग सुरू, सध्या तिघी आहेत. लगेच न्यायला येऊ नकोस. हे समोरासमोर बोलले असते, तर तू पुन्हा खांद्यावर हात ठेवून समजावलं असतंस, आणि मी पुन्हा तुझं खरं मानलं असतं. तेवढ्यासाठीच लिहून ठेवलं.

अजूनही तुझीच,
आई